जॅकचं बोलणं थांबत नाही

'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'बद्दल एक मत इतक्यांदा कानावर येतं की आता ते मत राहिलेलं नाही, निकाल झालेलं आहे. चित्रपट धड विनोदी नाही आणि धड भयपटही नाही. माणसाचा लांडगा होतो ते दृश्य तेवढं अफाट, बाकीचा नुसता पसारा. आणि शेवट म्हणजे दिग्दर्शकाने गाशा गुंडाळला आणि निघून गेला. भयपटांचे चाहते हे बोलतात, जाणकार बोलतात. 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये लिहिणाऱ्या रॉजर ईबर्टने चित्रपट आला तेव्हाच, १९८१ साली, अशीच तक्रार केली होती: चित्रपट अपुरा वाटतो, दिग्दर्शक जॉन लँडिसने सगळी ताकद मोठ्या प्रसंगांवर खर्च केली आणि पात्रं, प्रसंगांमधले सांधे, शेवट यांच्याकडे पाठ फिरवली.

ईबर्टबद्दल मला आदर आहे, पण या चित्रपटाबाबत तो चुकला, आणि त्याच्या मागून तेच म्हणणारेही चुकतात. ते लांडग्याकडे बघत बसले. हा चित्रपट लांडग्याचा नाही. मित्राला मरणाच्या दारात सोडून पळालेल्या आणि त्यामुळेच वाचलेल्या पोराचा आहे. तिथून पाहिलं की पसारा म्हणून हिणवलेली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बसते.

मुळापासूनच पाहू. जॉन लँडिसने ही पटकथा १९६९ मध्ये लिहिली, तेव्हा तो विशीतही आलेला नव्हता. 'केलीज हीरोज'च्या चित्रीकरणासाठी युगोस्लाव्हियात पडेल ते काम करणारा हरकाम्या पोरगा होता तो. तिथे एका चौरस्त्यावर रोमा लोकांचा दफनविधी चाललेला त्याने पाहिला. प्रेत कापडात गुंडाळून, सोबत लसूण ठेवून, पाय खाली करून उभं पुरत होते, म्हणजे मेलेला उठून परत येऊ नये. लँडिसला प्रश्न पडला तो एवढाच: आणि हा खरोखर उठून आला तर? माझ्यासारख्या, असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नसलेल्या पोरासमोर येऊन उभा राहिला, तर मी काय बोलेन त्याच्याशी? या प्रश्नात लांडगा कुठेही नाही. परत आलेला मेलेला माणूस आहे, आणि त्याच्याशी बोलायची वेळ आलेला जिवंत माणूस आहे. लांडगा हे त्या दोघांची गाठ घालून देण्याचं निमित्त.

ही पटकथा घेऊन लँडिस दहा-बारा वर्षं फिरला. पैसे लावणारे त्याला सांगायचे, विनोदी म्हणावं तर फार भीतिदायक आहे, भयपट म्हणावा तर फार विनोदी आहे. 'ॲनिमल हाउस' (१९७८) आणि 'द ब्लूज ब्रदर्स' (१९८०) झाल्यावर कुठे त्याला पैसे मिळाले. म्हणजे 'धड ना हे, ना ते' हा आक्षेप चित्रपटाच्या आधी जन्मला. कागद वाचून निर्मात्यांनी जे म्हटलं तेच पडदा बघून समीक्षकांनी म्हटलं, आणि मधल्या बारा वर्षांत लँडिसने ते दुरुस्त केलं नाही. ते त्याला जमलं नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हसू कुठून येतं आणि कुठे जातं ते बघावं.

मराठी प्रेक्षकाला भीती आणि हसू एकत्र बघायची सवय आहे. 'झपाटलेला'मध्ये तात्या विंचू अंगावर येतो आणि लक्ष्मीकांत बेर्डेच्या तारांबळीने ती भीती उतरते. विनोद तिथे भीतीवरचा उतारा आहे, आणि महेश कोठारेंनी तो फार नेटका वापरला. लँडिसकडे असा उतारा नाही. तिथे हसू आणि भीती एकाच माणसाच्या तोंडून येतात आणि ती वेगळी काढता येत नाहीत. तो माणूस म्हणजे जॅक गुडमन.

सुरुवातीला जॅक आणि डेव्हिड केसलर मेंढ्यांनी भरलेल्या ट्रकच्या पाठीमागून उतरतात. न्यूयॉर्कची दोन पोरं, पाठीवर सॅक, उत्तर इंग्लंडच्या माळावर कुडकुडत चाललेली. जॅकला इटलीला जायचं होतं, तो कुरकुर करतो. एका मुलीवरून दोघं एकमेकांची टर उडवतात. हे विनोद पटकथाकाराने पेरलेले वाटत नाहीत, कारण ही दोघांची रोजची भाषा आहे. लहानपणापासूनचे मित्र असंच बोलतात. मग 'द स्लॉटर्ड लॅम्ब' नावाचा पब, आत शिरताच गप्प झालेली माणसं, भिंतीवरचा पंचकोनी तारा. रस्ता सोडू नका, माळावर जाऊ नका, चंद्रापासून जपा, एवढं सांगून गावकरी त्यांना रात्री बाहेर काढतात. माळावर धुकं, पाऊस, आणि कुठूनतरी येणारं गुरगुरणं. डेव्हिड घसरून पडतो. जॅक हसत त्याला उठवायला हात पुढे करतो, आणि त्याच क्षणी ते जनावर जॅकवर झेप घेतं.

डेव्हिड पळतो.

थोडा वेळच पळतो. मग थांबतो, मागे वळतो, परत येतो. तोवर जॅक संपलेला असतो आणि डेव्हिडलाही चावा बसतो. या दहा-पंधरा सेकंदांकडे लक्ष न देणाऱ्याला पुढचा चित्रपट तुकड्या-तुकड्यांचा वाटणारच. लक्ष दिलं तर पुढे एकही तुकडा सुटा राहत नाही.

जॅक पहिल्यांदा परत येतो तो लंडनच्या इस्पितळात, डेव्हिडच्या नाश्त्याच्या वेळी. गळा फाडलेला आहे, चेहऱ्याची एक बाजू उधडलेली, आणि मानेवर कातडीची एक लहानशी चिरफळी लोंबते आहे. जॅक बोलायला लागला की ती थरथरते. तो ताटातला टोस्ट मागतो. आपल्या अंत्यविधीला कोण कोण आलं होतं ते सांगतो. ज्या मुलीवर त्याचा जीव होता ती रडली, आणि तिची समजूत दुसऱ्याच कुणीतरी काढली. मेलेल्यांच्या सोबतीत फार कंटाळा येतो म्हणतो. ग्रिफिन डनने हे सगळं माळावरच्या त्याच कुरकुऱ्या, चेष्टेखोर आवाजात म्हटलं आहे. आवाजात भूत कुठेच नाही, आणि म्हणून अंगावर काटा येतो. आपण हसतो, डोळे मात्र त्या थरथरत्या चिरफळीवर खिळलेले असतात. मग तो कामाचं बोलतो: जोवर तू जिवंत आहेस तोवर आमची सुटका नाही, पौर्णिमेच्या आत जीव दे. हे सांगतानाही त्याचा मित्रपणा सुटत नाही. भयपटातलं भूत सूड घ्यायला येतं, हा विनवणी करायला आलेला आहे, आणि त्याची मागणी रास्त आहे. यापेक्षा भयंकर भेट मला भयपटांत माहीत नाही. इथे विनोद काढून टाका, जॅकला गंभीर आवाज द्या, काय उरेल? साखळ्या वाजवणारं नेहमीचं भूत. विनोद आहे म्हणून तो जॅक आहे, आणि जॅक आहे म्हणून डेव्हिडला त्याला नजरेआड करता येत नाही.

आता त्या रूपांतराकडे येतो, कारण विरोधकही तिथे टोपी काढतात. रिक बेकरचं हे काम. अकॅडमीने रंगभूषेचा स्पर्धात्मक ऑस्कर सुरू केला तो त्याच वर्षीच्या चित्रपटांपासून, आणि पहिलाच बेकरला मिळाला. १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'मध्ये लॉन चेनी धाकटा लांडगा होताना आपल्याला त्याचे पाय दिसतात, एका चित्रात दुसरं चित्र विरघळत जातं. लँडिसला ते नको होतं. शरीराची हाडं बदलत असतील तर माणूस शांत बसेल कसा, तो किंचाळेल, हे त्याचं म्हणणं. म्हणून हे दृश्य अंधारात नाही, डेव्हिडला इस्पितळात भेटलेल्या परिचारिकेच्या, ॲलेक्सच्या घरातल्या दिवाणखान्यात लख्ख उजेडात आहे. तळहात ताणून लांब होतो. पाठीचा कणा कातडीखालून वर येतो. केस उगवताना दिसतात ते खोट्या कातडीतून केस आत ओढत चित्रित करून, ती फिल्म उलटी चालवून. जमिनीला भोक पाडून डेव्हिडचं काम करणाऱ्या डेव्हिड नॉटनचं धड खाली लपवलं आणि वर बनावट अंग जोडलं. मागे सॅम कुकच्या आवाजात 'ब्लू मून'. संगणकाचा हात नसलेल्या काळातलं हे काम चाळीसहून अधिक वर्षांनीही बघवत नाही.

पण 'हे दृश्य सुटं काढून ठेवा, बाकी टाका' म्हणणाऱ्यांनी ते कान देऊन ऐकलेलंच नाही. त्या वेदनेच्या मध्यावर डेव्हिड एक वाक्य ओरडतो: तो जॅकची माफी मागतो. आधीच्या भेटीत, जॅकचं कुजलेलं रूप बघून, त्याने त्याला चालता-फिरता मांसाचा गोळा म्हटलं होतं. आता स्वतःची हाडं मोडत असताना त्याला आठवतं ते हे. खोलीत कुणी नाही, जॅक नाही, ॲलेक्स कामावर गेलेली. तो एका मेलेल्या मित्राला सांगतो आहे की मी तुला तसं म्हणायला नको होतं. ऑस्कर मिळालेल्या, जगभर वाखाणलेल्या त्या प्रसंगाचा गाभा हा आहे. बेकरचे रबरी हात आणि लँडिसचं ते एक वाक्य वेगळं करून दाखवा, मग म्हणा की पात्रांकडे दुर्लक्ष झालं.

तसंच त्या स्वप्नाचं. डेव्हिडला इस्पितळात स्वप्न पडतं: न्यूयॉर्कमधलं घर, आई-बाबा, भावंडं टीव्हीवर 'द मपेट शो' बघताहेत, दारावर थाप, आणि राक्षसी तोंडांचे, नाझी गणवेशातले सैनिक मशीनगन घेऊन आत शिरतात. घर जाळतात, सगळ्यांना मारतात, डेव्हिडला हे बघायला लावून मग त्याचा गळा कापतात. याला अनेकजण आगंतुक म्हणतात, धक्का देण्यासाठी घुसडलेलं म्हणतात. डेव्हिड आणि जॅक ज्यू आहेत. इस्पितळातल्या परिचारिका सुरुवातीलाच याबद्दल कुजबुजतात, ती कुजबूज उगाच नाही. 'द वुल्फ मॅन'ची पटकथा लिहिणारा कर्ट सिओडमाक हा स्वतः हिटलरच्या जर्मनीतून निघून आलेला ज्यू लेखक होता. त्याच्या कथेत लांडग्याला पुढच्या बळीच्या तळहातावर तारा दिसतो. लँडिस, तोही ज्यू, हा धागा पुढे नेतो. घरच्यांना मारलं जाताना आपण बघत राहिलो आणि वाचलो, हे डेव्हिडचं दुःस्वप्न त्याच्या लोकांचं जुनं दुःस्वप्न आहे. माळावरच्या त्या दहा-पंधरा सेकंदांनी ते त्याचं एकट्याचं करून टाकलं. हे आगंतुक असेल, तर चित्रपटात आगंतुक नसलेलं काय आहे ते मला कळत नाही.

पिकॅडिली सर्कसबद्दलही तेच. इरॉस थिएटरमधून लांडगा बाहेर पडतो, पोलीस अधिकाऱ्याचं मुंडकं उडवतो, आणि चौकात बस, मोटारी, टॅक्सी एकमेकांवर आदळतात. 'लँडिसला गाड्या फोडायची हौस' म्हणून हे उडवून लावतात, आणि पुरावा म्हणून 'द ब्लूज ब्रदर्स'कडे बोट दाखवतात. तोच पुरावा मी वापरतो. 'द ब्लूज ब्रदर्स'मध्ये गाड्यांचे ढीग लागतात आणि कुणाला खरचटतही नाही. इथे प्रत्येक धडकेत माणूस आहे. कुणी काचेतून बाहेर फेकलं जातं, कुणी चाकाखाली येतं, पळणारे दोन गाड्यांच्या मध्ये चिरडले जातात. त्याच दिग्दर्शकाने वर्षभरात आपलीच युक्ती घेऊन तिची किंमत दाखवली. जे हसत बसले होते त्यांचं हसू तिथे घशात अडकतं, आणि ते अडकावं हेच हवं होतं. लांडगा स्वतः या चौकात थोड्यांनाच मारतो. जॅकने सांगितलं तेव्हा डेव्हिडने जीव दिला असता, तर यातलं कुणीच मेलं नसतं.

त्याने तसा प्रयत्न केला नाही का? केला. ईबर्टने म्हटलेल्या 'पात्ररचनेच्या अभावा'ला माझं सगळ्यात मोठं उत्तर इथे आहे. पहिल्या पौर्णिमेला सहा माणसं मारून, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लांडग्यांच्या पिंजऱ्यात उघडावाघडा जागा झालेला डेव्हिड, आपण काय केलं ते कळल्यावर, ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये पोलिसाला 'मला पकडा' म्हणून विनवतो. पोलीस दुर्लक्ष करतो. तो राणीला शिव्या देतो, शेक्सपिअरला देतो, तरी कुणी पकडत नाही. लोक हसतात, प्रेक्षकही हसतात. मग तो टेलिफोनच्या खोक्यात शिरतो आणि घरी फोन लावतो. आई-बाबा घरी नाहीत, धाकटी बहीण फोन उचलते. तिला कळू न देता तो निरोप घेतो: आई-बाबांना सांग माझं त्यांच्यावर प्रेम आहे, तुझ्यावरही आहे. पोरगी चिडवते, तिला यातलं काही समजत नाही. फोन ठेवून तो खिशातला चाकू मनगटाला लावतो, आणि त्याच्याकडून होत नाही. नॉटनने हे दृश्य एका लालभडक खोक्यात, गजबजलेल्या रस्त्याकडे तोंड करून, जवळजवळ काहीच न करता केलं आहे. डेव्हिड माळावर पळाला होता, इथे तो पळत नाही, पण मरायचं धाडसही त्याला होत नाही. सर्वसाधारण, चांगल्या पोराला जेवढं जमेल तेवढंच त्याला जमतं.

मग समोर जॅक दिसतो, आता जवळजवळ सांगाडा झालेला, आणि त्याला त्याच इरॉस थिएटरमध्ये घेऊन जातो. पडद्यावर फालतू अश्लील चित्रपट, आणि अंधारात रांगेने बसलेले डेव्हिडचे बळी: एक प्रेमळ जोडपं, तीन फिरस्ते भिकारी, टॉटनहॅम कोर्ट रोडच्या भुयारी स्टेशनात मारला गेलेला एक सभ्य गृहस्थ. ते डेव्हिडला जीव देण्याचे उपाय सुचवतात, आपापल्या स्वभावाप्रमाणे. जोडपं आनंदाने, गृहस्थ रागाने. डेव्हिड चांदीच्या गोळीचं विचारतो तर जॅक त्याला मूर्खात काढतो. हे चित्रपटातलं सगळ्यात विनोदी दृश्य आहे आणि सगळ्यात निर्दयही, कारण मेलेल्यांपैकी एकाचंही म्हणणं चुकीचं नाही.

ॲलेक्स आणि डेव्हिडचं प्रेम घाईत जमतं, हे मी कबूल करतो. ॲलेक्सच्या भूमिकेत जेनी ॲगटर नसती तर ते पटलंच नसतं. डॉक्टरांची गावातली चौकशीही लांबते. पण ज्या शेवटाबद्दल इतकी ओरड होते तो शेवट या प्रेमाशिवाय कळत नाही. डेव्हिडने ॲलेक्सला 'द वुल्फ मॅन'ची गोष्ट सांगितलेली असते: तिथे बाप, क्लॉड रेन्स, चांदीची मूठ असलेल्या काठीने आपल्याच मुलाला मारतो. डेव्हिडचा तर्क, लांडगा झालेल्याला त्याच्यावर प्रेम करणाऱ्यालाच मारता येतं. चित्रपटाने हा नियम आपल्या हातात देऊन ठेवला आहे. म्हणून गल्लीच्या तोंडाशी ॲलेक्स पोलिसांना ढकलून पुढे जाते, लांडग्याला सांगते की माझं तुझ्यावर प्रेम आहे, लांडगा क्षणभर थांबतो, आणि आपल्याला वाटतं आता जुन्या गोष्टीसारखं होणार. तो झेपावतो. गोळ्या झाडल्या जातात, साध्या, सरकारी बंदुकीच्या. जमिनीवर डेव्हिड उघडा, मेलेला. ॲलेक्स रडते. पडदा काळा, आणि लगेच द मार्सेल्सचं, उड्या मारत येणारं 'ब्लू मून'.

याला गुंडाळणं म्हणतात. अहो, जुना नियम दाखवून तो मोडण्यासाठी हा शेवट इतका तुटक ठेवला आहे. प्रेमाने मारावं लागलं असतं तर त्याच्या मरणाला अर्थ आला असता, आणि अर्थ मिळाला की प्रेक्षक समाधानाने घरी जातो. पोलिसाच्या गोळीला अर्थ नसतो. ॲलेक्सचं प्रेम खरं आहे, ते लांडग्यापर्यंत पोचतंही, आणि तरी काही करू शकत नाही. जॅक सुटला का? तेही दाखवलेलं नाही. बाजूला उभं राहून हात हलवणारा जॅक दाखवणं किती सोपं होतं. चित्रपटभर ज्याचं बोलणं थांबलं नाही तो आता काहीच बोलत नाही, आणि त्यानंतर एकही दृश्य ठेवायला जागा नाही.

आपल्याकडे महेश भट्ट यांच्या 'जुनून'मध्ये (१९९२) राहुल रॉय पौर्णिमेला वाघ होतो, आणि तो कुठून आला हे इंग्रजी चित्रपट बघणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं. तिथे भर होता वाघावर आणि प्रेमाच्या त्रिकोणावर. त्यात गैर काही नाही, तो वेगळा चित्रपट आहे. पण १९९७ मध्ये लँडिसशिवाय निघालेला 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन पॅरिस' पाहा, कारण तो जवळजवळ या आक्षेपांची यादी समोर ठेवून बनवल्यासारखा आहे. लांडगे संगणकावर केलेले, एकाऐवजी टोळी. प्रेमकथेला भरपूर वेळ. लांडगेपणावर उपाय. मेलेला मित्र तिथेही येतो, विनोदही करतो, पण नायकाने त्याला मरणाच्या वेळी सोडलेलं नसल्यामुळे त्या विनोदाला काही टोचत नाही. शेवटी नायक-नायिकेचं लग्न होतं, आणि ती दोघं स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावरून दोरी बांधून उडी मारतात. हा झाला पुरा, नीट बांधलेला शेवट. लँडिसकडे हाच मागत होते.